अकरावीला मानसशास्त्र घ्यावं का?

भाचीला अकरावी आर्ट्सला मानसशास्त्र घ्यायचंय, घरचे म्हणतात स्कोप नाही. कुणी घेतलेलं का? नुसतं पाठांतर असतं का?

उत्तर १: मी घेतलेलं. वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली वगैरे इतिहास पाठ करावा लागतो, पण पाव्लॉवचा प्रयोग, म्हणजे आधी खाण्यासोबत वारंवार ऐकवलेल्या आवाजाने नंतर खाणं नसतानाही कुत्र्याला लाळ सुटते, तो एकदा समजला की डोक्यातून जातच नाही, खूप आवडायचं मला.

उत्तर २: स्कोप आहे हो, पण रस्ता लांबचा. बीए, एमए, आणि क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांवरच्या उपचारांकडे जायचं तर पुढचं ट्रेनिंग करून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, हे तिला आत्ताच सांगा.

उत्तर ३: आणि पुढे स्टॅटिस्टिक्स येतंच, त्यामुळे गणिताची सवय सुटू देऊ नका. बाकी आवड आहे ना, मग घेऊ द्या की तिला!