घरफोडीचा गुन्हा केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर शाबित होऊ शकतो का?

विधी_विद्यार्थी:
अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी आम्हाला पुढील काल्पनिक प्रकरण मिळाले आहे. घरातील मंडळी लग्नाला गेलेली असताना रात्री कडीकोयंडा उचकटून दागिने चोरीस गेले. आत शिरताना कोणी पाहिले नाही, ठसेही मिळाले नाहीत. मात्र सहा दिवसांनी आरोपीने पोलिसांना दिलेल्या निवेदनावरून त्याच्या खोलीतील पत्र्याच्या पेटीतून पाटल्या आणि मोहनमाळ पंचांसमक्ष जप्त झाली. एवढ्यावर शिक्षा होईल का? शरद बिरधीचंद सारडा खटल्यातील (१९८४) निकष पाहता मला तरी बचाव पक्ष वरचढ वाटतो.

जुना_वकील:
शिक्षा होऊ शकते. घरफोडीला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार क्वचितच असतो, त्यामुळे असे बहुतेक खटले परिस्थितीवरच उभे राहतात. सारडा खटल्यात विवाहितेचा मृत्यू हा खून की आत्महत्या, हा वाद होता. तिथे चोरीच्या मुद्देमालाचा प्रश्नच नव्हता. परिस्थितीची साखळी पूर्ण हवी, हा त्यातील दंडक इथेही लागू आहेच, पण इथे सरकार पक्षाच्या हाती आणखी एक साधन आहे. चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात माल सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो स्वतः चोर आहे किंवा माल चोरीचा आहे हे जाणून त्याने तो घेतला आहे, असे न्यायालय मानू शकते (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ११९, पूर्वीचे ११४, उदाहरण अ). मानलेच पाहिजे असे मात्र नाही.

‘लवकरच’ म्हणजे किती, हे वस्तूवर ठरते. रोख रक्कम दिवसभरात चार हातांतून फिरते, दागिने सहसा तसे फिरत नाहीत. एराभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) या खटल्यात तर फरार आरोपीच्या बाबतीत वर्षभराचे अंतरही सर्वोच्च न्यायालयाला जास्त वाटले नाही. तुमचे सहा दिवस बचावाच्या फारसे कामाचे नाहीत.

बचावाच्या_बाजूने:
दिवस मोजण्यापेक्षा जप्तीकडे पाहा. ‘मी घर फोडले आणि दागिने पेटीत ठेवले’ असे निवेदन असेल, तर पहिला भाग पोलिसांपुढील कबुली म्हणून बाद होतो आणि शोधाशी निगडित तेवढाच भाग उरतो (पुलुकुरी कोटय्या, १९४७). पेटीला कुलूप होते का, खोलीत आणखी कोण राहत होते, हे पंचनाम्यात नसेल तर ताबा आरोपीचाच होता हे कशावरून? त्रिंबक खटल्यात (१९५४) दागिने कोणालाही जाता येईल अशा उघड्या शेतातून निघाले, म्हणून आरोपीचा ताबा मान्य झाला नाही. शिवाय पंच फितूर झाले तर सारा भार तपास अधिकाऱ्याच्या एकट्याच्या साक्षीवर येतो.

मोहनमाळेची ओळखही तपासा. तशा माळा घरोघरी असतात. फिर्यादीत नुसतेच ‘सोन्याची माळ’ लिहिले असेल आणि चेपलेला मणी किंवा सराफाची खूण फिर्यादीला थेट साक्षीच्या वेळी आठवली, तर उलटतपासणी तिथेच सुरू करावी.

विधी_विद्यार्थी:
आभार. ताबा शाबित झाला, पण घरात शिरल्याचे शाबित झाले नाही, तर?

जुना_वकील:
तर खरी लढत तिथेच आहे. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कैद आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ३३१(४)), तर चोरीचा माल बाळगण्यास तीन वर्षांपर्यंत (कलम ३१७(२)). त्यामुळे बचावाने निर्दोषत्वासोबत हा पर्यायी युक्तिवादही तयार ठेवावा. गुन्ह्याची तारीख १ जुलै २०२४ पूर्वीची दिली असेल, तर मात्र भारतीय दंड संहितेची ४५७, ३८० आणि ४११ ही कलमे लावा.