मदत हवी आहे: संशोधन लेखाची लिंक उघडतच नाही (तातडीचे)

उंबरठा
एक वैद्यकीय लेख वाचायचा आहे, पण लिंक काही केल्या उघडत नाही. क्रोम, फायरफॉक्स, मोबाइल, सगळीकडे तेच. कॅश साफ केली, राउटर बंद करून चालू केला. उद्या सकाळी दहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्याआधी हवाच आहे. 'गूगल करून बघा' कृपया सांगू नका, दोन तास तेच करतेय.

जुना_वाचक
कुठला लेख, कुठल्या नियतकालिकातला? आणि उघडत नाही म्हणजे नक्की काय? पान कोरं येतं, पैसे मागतं, की सापडत नाही म्हणतं? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

रानवाट
पैसेच मागत असणार. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेंशन बसवा. लेखाच्या पानावर कडेला कुलूप दिसतं. ते हिरवं असेल तर त्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी ठेवलेली आहे, टिचकी मारली की थेट तिथे पोचता. माझं निम्मं वाचन यावरच चालतं.

तिसरी_घंटा
कशाला एवढा खटाटोप? साय-हबवर टाका, पैसे मागणारे लेख तिथे फुकट मिळतात, विषय संपला.

रानवाट
संपत नाही. तिथे अलीकडचे लेख फारसे मिळत नाहीत, आणि तो सरळसरळ कॉपीराइटचा भंग आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एल्सव्हियर या प्रकाशकाला दीड कोटी डॉलर भरपाई मंजूर केली ती त्यांच्याविरुद्धच.

तिसरी_घंटा
संशोधन बऱ्याचदा लोकांच्या करातून होतं, समीक्षक बिनपैशाचे लेख तपासतात, आणि वाचायचं म्हटलं की दारात पावती फाडायची! आजारी माणसाच्या घरच्यांनी काय करायचं? भंग कोण कुणाचा करतंय ते आधी बघा.

रानवाट
मुद्दा मान्य, मार्ग नाही. लेखकाला दोन ओळींची ईमेल केली तर बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात. मला आजवर एकानेच नकार दिला आहे.

उंबरठा
अहो, पैसे मागतच नाहीये! 'डीओआय नॉट फाउंड' असं येतं. लेख आईच्या थायरॉइडच्या गोळीबद्दल आहे. ईमेलच्या उत्तराची वाट बघायला वेळ नाही.

मोगरा
थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही. डोस मनाने कमी-जास्त करू नका. माझं बारा वर्षं चालू आहे.

उंबरठा
मोगराताई, हे ठाऊक आहे हो. मला लेख हवा आहे.

कागदी_होडी
वेबॅक मशीनवर लिंक टाकून बघा. पूर्वी गूगलची कॅश्ड प्रत मिळायची, ती सोय २०२४ मध्ये गेली. वेबॅकवर १९९६ पासूनची पानं साठवलेली आहेत. माझी एक बंद पडलेली साइट तिथेच सापडली, फोटोंसकट.

जुना_वाचक
होडी, इथे वेबॅक कामाचं नाही. डीओआय म्हणजे पानाचा पत्ता नव्हे, लेखाचा कायमचा क्रमांक. प्रकाशकाने साइट बदलली तरी क्रमांक तोच राहावा आणि नव्या पानावर न्यावा, यासाठीच ती व्यवस्था आहे. तो 'नॉट फाउंड' म्हणतो तेव्हा बहुधा आकडा चुकलेला असतो किंवा तशी नोंद मुळात झालेलीच नसते. उंबरठा, पूर्ण संदर्भ व्यनि (खाजगी निरोप) करा.

उंबरठा
केला.

जुना_वाचक
पाहिला. नियतकालिक खरं आहे. पण त्या वर्षाच्या त्या अंकात त्या पानांवर भलताच लेख आहे, थायरॉइडशी संबंध नसलेला. तुमच्या लेखाचं शीर्षक पबमेडवरही, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतही, नाही. हा संदर्भ तुम्हाला कुठून मिळाला?

उंबरठा
चॅटबॉटने दिला. ते सांगायला हवं होतं का? त्याने लेखकांची नावं, वर्ष, पृष्ठ क्रमांक सगळं दिलं होतं, म्हणून मला शंकाच आली नाही.

जुना_वाचक
हेच आधी सांगायला हवं होतं. तो लेख अस्तित्वातच नाही. संदर्भ कसे दिसतात हे चॅटबॉटला पक्कं माहीत असतं, म्हणून तो अगदी खऱ्यासारखा संदर्भ रचून देतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असेच न झालेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले. पाच हजार डॉलर दंड झाला.

तिसरी_घंटा
माझा चॅटबॉट इंटरनेटवर शोधून लिंक देतो, तो चुकत नाही.

रानवाट
लिंक खरी आणि आतला मजकूर वेगळाच, असं मी स्वतः पाहिलं आहे. प्रत्येक लिंक उघडून वाचायचीच.

जुना_वाचक
उंबरठा, आईंबद्दल नेमकं काय जाणून घ्यायचं आहे?

उंबरठा
थायरॉइडची गोळी आणि हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी ती एकदमच घेते. दर वेळी रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला येतो, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरी पडत नाहीये. या दोन गोळ्यांचा काही संबंध आहे का?

जुना_वाचक
आहे. पबमेड सगळ्यांना मोफत आहे. तिथे 'लेव्होथायरॉक्सिन' (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) आणि 'कॅल्शियम कार्बोनेट' ही नावं इंग्रजीत टाका. २००० साली जामा या वैद्यकीय नियतकालिकामध्ये छापून आलेला एक अभ्यास सापडेल: २० रुग्णांना तीन महिने दोन्ही एकत्र दिलं, तर गोळीचं शोषण कमी झालं आणि सरासरी टीएसएच वाढला. अभ्यास छोटा आहे, पण दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा ही सूचना आता गोळीच्या माहितीपत्रकातही असते. डावीकडे 'फ्री फुल टेक्स्ट'वर खूण केलीत तर पूर्ण वाचता येतील असे इतर लेखही दिसतील.

मोगरा
अगं बाई, मीसुद्धा दोन्ही एकदमच घेते!

उंबरठा
सापडला! सारांश वाचला, प्रिंट काढतेय. कॅल्शियम रात्री दिलं तर चालेल का, एवढं उद्या विचारते. मोगराताई, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. इथे येऊन सांगते काय म्हणाले ते.