कॉर्नवॉलची डोलकोथ खाण : वर तांबे आणि खाली कथील, असे का?

प्रश्न (खनिजप्रेमी): इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील कॅम्बोर्न गावाजवळ असलेली डोलकोथ खाण अठराव्या शतकात तांब्यासाठी नावाजलेली होती, परंतु पुढे त्याच शिरांचा (खडकांच्या भेगांत साचलेल्या धातुखनिजांच्या पट्ट्यांचा) पाठपुरावा करत खाली गेल्यावर कथील लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कथिलाची अग्रगण्य खाण ठरली. एकाच शिरेत खोलीनुसार धातू कसा बदलतो? तेथील निळ्या-हिरव्या दुर्मीळ खनिजांचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर (भूस्तर): याचे मूळ ग्रॅनाइटमध्ये आहे. सुमारे तीस कोटी ते साडेसत्तावीस कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस या भागातील गाळाच्या खडकांत घुसून थिजला आणि त्याच्याभोवतीच्या भेगांतून धातुयुक्त उष्ण द्रव वर चढले. अधिक तापमानाला, म्हणजे ग्रॅनाइटच्या जवळ, कॅसिटेराइट हे कथिलाचे ऑक्साइड स्फटिकरूप झाले. द्रव निवत गेला तसे त्याच्या वरच्या बाजूला कॅल्कोपायराइट हे तांब्याचे खनिज आणि आणखी दूर शिसे व जस्त यांची खनिजे साचली. अर्थात ही विभागणी काटेकोर नसते. मधल्या पट्ट्यात तांबे आणि कथील एकत्रही सापडतात.

उत्तर (जुन्या वाटा): वरील स्पष्टीकरण योग्य आहे, तथापि खाली कथील असले म्हणून ते आपोआप हाती आले नाही. वेल्समधील अँगलसी बेटावरील पॅरिस (Parys) पर्वताच्या स्वस्त तांब्यामुळे डोलकोथ अठराव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे बंदच पडली होती. पुढे वरचे तांबे विरळ होऊ लागले, तेव्हा कॅप्टन (म्हणजे खाणीचे व्यवस्थापक) चार्ल्स थॉमस यांनी भागधारकांना आणखी खोल जाण्यास राजी केले. माझ्या मते खाणीच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय, कारण १८६६ च्या आर्थिक संकटात आणि परदेशी तांब्याच्या स्पर्धेत आजूबाजूच्या अनेक तांब्याच्या खाणी कोसळल्या, तर डोलकोथ कथिलाच्या बळावर विसाव्या शतकापर्यंत टिकली आणि सुमारे ३,००० फूट खोल गेली. एवढ्या खोलीवर ये-जा करणे हेच कामगारांसाठी मोठे संकट होते. कॉर्नवॉलमधल्याच लेव्हंट खाणीत माणसांची ने-आण करणारे यंत्र २० ऑक्टोबर १९१९ रोजी तुटून ३१ जण मृत्युमुखी पडले. या खाणींच्या वैभवाविषयी बोलताना या मृतांचा उल्लेख झालाच पाहिजे.

उत्तर (स्फटिक): निळ्या-हिरव्या खनिजांचा संबंध निश्चितच आहे, मात्र ती नंतरची निर्मिती आहे. पृष्ठभागाजवळ पाणी आणि ऑक्सिजन यांमुळे तांब्याची सल्फाइडे (गंधकयुक्त खनिजे) विघटित झाली आणि सोबतच्या खनिजांतील आर्सेनिक त्या तांब्याशी संयोग पावले. सेंट डे गावाजवळच्या व्हील गॉरलँड खाणीतील निळे लिरोकोनाइट आणि गडद क्लिनोक्लेज ही अशीच आर्सेनेटे (आर्सेनिक व ऑक्सिजनयुक्त खनिजे) आहेत. समुद्रकाठच्या बोटॅलॅक खाणीवरून नाव मिळालेले बोटॅलॅकाइट हे मात्र तांब्याचे क्लोराइडयुक्त खनिज आहे. संग्राहकांनी जुन्या नमुन्यांकडे पुन्हा लक्षपूर्वक पाहावे, असे मला मनापासून वाटते. कारण व्हील गॉरलँडमधील ज्या हिरव्या स्फटिकांना दीर्घकाळ लिरोकोनाइट समजले जात होते, त्यांत ॲल्युमिनिअमच्या जागी लोह असल्याचे सिद्ध झाले आणि २०२० मध्ये केर्नोवाइट हे नवे खनिज जाहीर झाले.