लिव्हरपूल दोन दिवसांत : बंदर समजून घ्यायचे तर सुरुवात कुठून करावी?

मुक्काम_पोस्ट :
सप्रेम नमस्कार. एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन लिव्हरपूलला दोन दिवस राहण्याचा बेत आहे. वडील मुंबईच्या इंदिरा गोदीत यारीवर (क्रेनवर) काम करून निवृत्त झाले असल्यामुळे फुटबॉलची मैदाने आणि गाण्याबजावण्याची संग्रहालये त्यांना दाखवून उपयोग नाही. हे शहर बंदर म्हणून कसे वाढले, हे प्रत्यक्ष पाहता येईल अशी ठिकाणे जाणकारांनी कृपया सुचवावीत. त्यांना फार चालवत नाही.

मर्सीकाठ :
मी या शहरात बारा वर्षे राहत आहे. आधी नदीकाठी उभे राहून पाणी पाहा. मर्सीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत आठ-नऊ मीटरांचा फरक पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे जहाज काठाला लावून माल उतरवू म्हटले, तर काही तासांत ते चिखलात बसायचे. यावर तोड म्हणून थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने दरवाजे लावून आत पाणी धरून ठेवणारी गोदी बांधली आणि ती 1715 मध्ये सुरू झाली. व्यापारासाठी बांधलेली अशी ही जगातली पहिली गोदी मानली जाते. पुढे ती बुजवली गेली. आज तिच्यावर मोठे बाजारसंकुल उभे आहे. मात्र त्याच्या तळाशी जुन्या विटांची भिंत अजून शाबूत असून, आगाऊ नोंदणी केल्यास मार्गदर्शकासोबत खाली उतरता येते. ते जमले नाही, तर वरच्या फरसबंदीत ठेवलेल्या गोल झरोक्यातून आत डोकावता येते.

तिथून अल्बर्ट डॉक दहा मिनिटांवर आहे. अभियंता जेसी हार्टलीने बांधलेल्या आणि 1846 मध्ये खुल्या झालेल्या या गोदीत वखारी थेट पाण्याला भिडलेल्या आहेत आणि आगीच्या भीतीने त्यांच्या बांधणीत लाकूड वापरलेलेच नाही : वीट, दगड आणि ओतीव लोखंड, बस्स. धक्क्यावरच्या लोखंडी खांबांना दोन्ही हातांनी कवेत घेऊन पाहा, हात एकमेकांना पोचणार नाहीत. 1848 मध्ये इथे पाण्याच्या दाबावर चालणारे मालाचे पाळणे बसले. वडील कदाचित तिथेच रेंगाळतील.

कापूसकोंडा :
वरील माहिती उत्तम आहे, पण एक गोष्ट राहिली आणि ती वगळून हे शहर कळणार नाही. 1807 च्या कायद्याने गुलामांचा व्यापार बंद होईपर्यंत लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे 15 लाख आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली. या विषयाचे संग्रहालय अल्बर्ट डॉकमध्येच असले, तरी 2025 च्या सुरुवातीपासून ते नूतनीकरणासाठी बंद आहे, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. बंदच असेल तर टाउन हॉलच्या बाहेरील कोरीव पट्टी पाहा. हत्ती आणि मगरींच्या सोबतीला आफ्रिकी माणसांचे चेहरे त्या काळच्या व्यापाऱ्यांनी अभिमानाने कोरून घेतले आहेत.

व्यापार थांबला तरी गुलामांनी पिकवलेला अमेरिकी कापूस येतच राहिला. 1861 मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटून तो अडला, तेव्हा लिव्हरपूलच्या दलालांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत सट्ट्याला ऊत आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. आपल्याकडच्या कित्येक पेढ्या बुडाल्या त्या या शहराकडे डोळे लावून बसल्यामुळे.

मर्सीकाठ :
मान्य. माझ्या प्रतिसादात ते आधी यायला हवे होते.

ओहोटी :
चालणे कमी करायचे असेल, तर पिअर हेड या धक्क्यावरून फेरीबोट घ्यावी. पाण्यावरून रॉयल लिव्हर, क्युनार्ड आणि बंदर मंडळाची जुनी कचेरी या तिन्ही इमारती एका रांगेत दिसतात. काठावरील शहर-संग्रहालयात, 1893 पासून 1956 पर्यंत गोद्यांच्या कडेने खांबांवरून धावणाऱ्या विजेच्या रेल्वेचा एक डबा ठेवला आहे. पावसात कामगार तिच्या खालून चालत, म्हणून तिला ‘गोदीवाल्यांची छत्री’ म्हणत. वेळ उरल्यास टॅक्सीने स्टॅन्ली डॉकला जावे. 1901 ची तिथली तंबाखूची वखार सुमारे 2 कोटी 70 लाख विटांची आहे. युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदर परिसराला 2004 मध्ये दिलेला जागतिक वारशाचा दर्जा 2021 मध्ये काढून घेतला, त्यामागे याच उत्तरेकडच्या गोद्यांलगतची नवी बांधकामे होती. माझ्या मते त्यामुळे पाहण्यासारखे काही कमी झालेले नाही.

मुक्काम_पोस्ट :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. नकाशात त्यांना उत्तरेकडे प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा अशी गोद्यांची नावे सापडली. मुंबईतही हीच तीन नावे होती आणि इंदिरा गोदी म्हणजे पूर्वीची अलेक्झांड्राच, असे त्यांनी मला ऐकवले. आता दुसऱ्या दिवशी तिकडेच जायचे, असा त्यांचा हट्ट आहे.