जर्मनीत गेल्यावर आधी काय घ्यावे: सिम, इंटरनेट की टीव्ही?

धाकटी: पुढच्या महिन्यात मी म्युनिकला जाते आहे. ताई, तिथे फोन, इंटरनेट आणि टीव्हीची व्यवस्था कोणत्या क्रमाने करावी? एका इंटरनेट योजनेत पहिले काही महिने दर फारच कमी दिसतो, म्हणून ती आत्ताच नोंदवून ठेवावी असे वाटते.

ताई: आत्ता नोंदवू नकोस. अशा दराखाली बारीक अक्षरांत बहुधा चोवीस महिन्यांचा करार असतो. शिवाय हप्ता सहसा थेट बँक खात्यातून वळता होतो आणि अनेक कंपन्या शुफा या संस्थेकडून ग्राहकाची पत तपासतात, जिथे नवख्या माणसाची काहीच माहिती नसते. तेव्हा सुरुवात प्रीपेड सिमपासून कर. ते आल्दीसारख्या सुपरमार्केटमध्येही मिळते. १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेव. व्हिडिओ कॉलवर ओळख पटली नाही, तर टपाल कार्यालयात जाऊन ती पटवण्याची सोय आहे का ते पाहा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. खाते आणि घरचे इंटरनेट त्यानंतर पाहावे.

काका: तिकडे केबल टीव्ही घरभाड्यातच येतो, असे मी ऐकून आहे.

ताई: काका, ती सवलत ३० जून २०२४ रोजी संपली. तोवर घरमालकाला केबलचा खर्च सगळ्या भाडेकरूंवर वाटून टाकता येत असे. आता ज्याला केबल हवी, त्याने स्वतः करार करायचा. मात्र टीव्ही घेतला नाही, तरी सार्वजनिक प्रसारणासाठीचे ‘रुंडफुंकबायट्राग’ हे दरमहा १८.३६ युरोचे शुल्क चुकत नाही, कारण २०१३ पासून ते टीव्ही संचावर नव्हे, तर घरावर आकारले जाते. पत्त्याची नोंदणी झाली की त्याचे पत्र येते, आणि नवी माणसे फसवणूक समजून ते बाजूला टाकतात. मग थकबाकी साचते. धाकटे, घरात आणखी कोणी राहत असेल आणि तो हे शुल्क भरत असेल, तर त्याचा शुल्क क्रमांक कळवून उत्तर दे, म्हणजे तुला वेगळे भरावे लागणार नाही.

दादा: चोवीस महिन्यांचा इतका धसका घेण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२१ पासून मूळ मुदत संपल्यावर महिनाभराची सूचना देऊन करार केव्हाही सोडता येतो.

ताई: मुदत संपल्यावर, दादा. हिचे पहिले घर तात्पुरते आहे. घर बदलल्यावर नव्या पत्त्यावर कंपनी सेवा देऊ शकत नसेल, तरच महिन्याच्या सूचनेवर सुटका होते; देऊ शकत असेल, तर करारही सामानाबरोबर नव्या घरी येतो. जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या मुदतीचा एक पर्याय कंपनीने देणे बंधनकारक आहे, तो मागून घ्यावा. आणि करार ऑनलाइन किंवा फोनवर केला, तर चौदा दिवसांत कारण न देता मागे घेता येतो. दुकानात सही केली, तर हा हक्क मिळत नाही. दुकानातला विक्रेता कितीही गोड बोलला, तरी सही घरी येऊन विचार केल्यावरच!

आत्या: घरात इंटरनेट येईपर्यंत आमच्याशी बोलणार कशी?

ताई: सिमवरच्या डेटावर व्हिडिओ कॉल होतील, आत्या. स्वित्झर्लंडला फिरायला गेली, तर मात्र डेटा जपून वापरावा. युरोपीय संघातील रोमिंगचा नियम तिथे लागू नाही. घरच्या जोडणीसाठी कधी कधी तंत्रज्ञ यावा लागतो, आणि तो फ्लॅटचा क्रमांक नव्हे, तर घंटीवरचे आडनाव शोधत येतो. आडनाव लावलेले नसेल, तर तो ‘ग्राहक घरी नव्हते’ असे लिहून परततो. तू घरी असूनही ठरलेल्या वेळी तो आलाच नाही, तर दहा युरो किंवा मासिक शुल्काच्या २० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती मागता येते.

धाकटी: मग घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव लावण्याबाबत घरमालकांना आजच लिहिते, आणि आधीच्या भाडेकरूची जोडणी कोणत्या कंपनीची होती तेही विचारून घेते.