वायरलेस थर्मामीटर: दोन प्रोब, दोन आकडे

प्रश्न: स्मोकरमध्ये (धुरावर मांस शिजवायच्या झाकणाच्या भट्टीत) अख्खी कोंबडी आहे. छातीतला प्रोब (मांसात खुपसायची तापमान मोजणारी सळई) 58 अंश दाखवतो, मांडीतला अचानक 80. झाकण लावलं की सिग्नलही तुटतो. कुठला आकडा खरा मानायचा?

उत्तर: मांडीतला प्रोब हाडाला टेकलाय किंवा पोकळीत शिरलाय. काढून दुसऱ्या कोनातून जाड मांसात घाला, पण प्रोबवरच्या खुणेच्या रेषेपर्यंत. रेष बाहेर राहिली तर आतलं सर्किट जळू शकतं. दोन्हीकडे 74 अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उतरवू नका.

उत्तर: सिग्नल धातूचं झाकण अडवतं. बेस (प्रोबचा सिग्नल पकडणारा भाग) स्मोकरजवळ ठेवा, तापलेल्या पत्र्यावर मात्र नको.

उत्तर: शंका असेल तर पुढच्या वेळी आधी ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात प्रोब तपासा. टोक भांड्याला न लागता 0 च्या आसपास यायला हवं.