ठिबक ऑटोमेशनसाठी ५० लाख उभे करायचेत, गुंतवणूकदाराला नेमकं काय दाखवायचं?

मोसंबीचं_आळं (जालना)

रामराम मंडळी. ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडझाप करणारा कंट्रोलर बनवतो. लाईट रात्री दोनला आली तरी शेतकऱ्याला बॅटरी घेऊन वावरात जावं लागत नाही. जालना, अंबड, पैठण भागात ४० नग बसलेत, सगळे मोसंबीच्या बागांत. किंमत जीएसटीसह १४,०००. सुटे भाग ५,६०० ला पडतात, म्हणजे मार्जिन ६० टक्के. फर्म प्रोप्रायटरशिप आहे, भागीदार दोघं. ५० लाखांना १० टक्के हिस्सा द्यायची तयारी आहे. मामांनी सुरुवातीला ३ लाख दिले, त्यांना २० टक्के तोंडी कबूल केलेत. २२ स्लाइड तयार आहेत, पहिल्या सहा देशातल्या ठिबकाखालच्या क्षेत्रावर. संभाजीनगर-पुण्यात दाखवायला जाण्याआधी काय कमी आहे ते सांगा.

आडत_हिशेब (लातूर)

आधी ती ६० टक्क्यांची ओळ खोडा. समोरचा पाच मिनिटांत हिशेब मांडेल, तो तुम्हीच मांडून न्या.

१८ टक्के जीएसटी धरला तर १४,००० मधले तुमचे ११,८६४ च. डीलरला १५ टक्के दिले की १०,०८४ उरतात. आता खर्च: भाग ५,६००, जोडणी-टेस्टिंग ५००, पॅकिंग-वाहतूक २५०, बसवायला माणूस जातो त्याचे ६००, सिमचं वर्षाचं रिचार्ज ३६०. वॉरंटीत शंभरातले आठ नग परत आले आणि प्रत्येकी १,५०० लागले, तर ते नगामागे १२०. एकूण ७,४३०. हातात २,६५४, म्हणजे २६ टक्के. भागांचा आकडा तुमचा, बाकीचे मी नमुन्याला धरलेत. तिथं तुमच्या बिलांवरचे घाला. प्रदर्शनातला स्टॉल आणि डेमोचं पेट्रोल यात अजून आलेलंच नाही.

२६ टक्के वाईट नाहीत. पण ६० म्हणून गेलात आणि त्यांनी २६ काढले, तर पुढचा एकही आकडा ते खरा धरणार नाहीत.

यापेक्षा मोठी गोम उधारीत आहे. डीलर पैसे कधी देतो? शेतकरी देईल तेव्हा, आणि शेतकरी देतो माल विकल्यावर. ९० दिवस धरा. भागांचे पैसे महिनाभर आधी आगाऊ जातात, तयार माल पंधरा दिवस पडून राहतो. झाले साडेचार महिने. महिन्याला १०० नग न्यायचे म्हटलं तर नगामागे ढोबळ ७,००० प्रमाणे साडेएकतीस लाख नुसते उधारीत अडकले. वर डीलरने दमडी दिली नसली तरी जीएसटी वेळेवर भरावाच लागतो. ५० लाखांतले बहुतेक पैसे असे डीलरच्या वहीत जाणार असतील, तर हिस्सा विकून ते उभे करायचे कशाला? उधारीला बँकेची कॅश क्रेडिट (माल-उधारीवर लागेल तसं काढायचं कर्ज). गुंतवणुकीचा पैसा डिझाइन, माणसं आणि नव्या तालुक्यांना. हा फरक एका स्लाइडवर दाखवा. क्षेत्रफळाच्या सहा स्लाइडची एक करा.

वाफसा (परभणी)

“४० नग बसले” याला अर्थ नाही. रोखीने किती, पाहुण्यारावळ्यांकडे किती, फुकट डेमो किती? एक शीट करा: बसवल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, गेल्या ३० दिवसांत व्हॉल्व्ह मोबाइलवरून किती वेळा उघडला, हाताने किती वेळा, तक्रार, तिचं कारण.

कारण खरं लिहा. व्होल्टेज वरखाली होऊन पॉवर सप्लाय जळाला, उंदराने वायर कुरतडली, रेंज गेली, फिल्टर धुतला नाही म्हणून सोलेनॉइडच्या (विजेवर व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रात गाळ बसला आणि व्हॉल्व्ह मिटलाच नाही. यातलं पहिलं सर्किटमध्ये सुधारता येतं, शेवटचं शेतकऱ्याला शिकवावं लागतं. दोन्हींचा खर्च वेगळा, म्हणून रकानेही वेगळे.

मोसंबीवाल्यांसाठी खास सूचना: आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरात बाग ताणावर सोडली की पाणी बंद, व्हॉल्व्ह उघडायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यातही तेच. पुण्याच्या गुंतवणूकदाराला वापराच्या आलेखात तो खड्डा दिसला की तो म्हणणार, लोकांनी वापर सोडला. ताण आणि पावसाचे आठवडे वेगळ्या रंगात दाखवा आणि ताण तोडल्यावर किती बागा पुन्हा सुरू झाल्या ते सांगा.

सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे दुसऱ्या वर्षाचं सिम रिचार्ज किती जणांनी स्वतःच्या खिशातून केलं. ४० पैकी वर्ष झालेले १८ असतील आणि १४ जणांनी पैसे भरले असतील, तर तेच पहिल्या स्लाइडवर घ्या. गुंतवणूकदारांना शेतकऱ्यांशी फोनवर बोलायचं असतं. परवानगी घेऊन सगळी यादी द्या, निवडक पाच नावं नकोत.

सहीशिक्का (छ. संभाजीनगर)

प्रोप्रायटरशिपमध्ये भागीदार नसतो, दादा. कायद्याने मालक एकच, दुसऱ्याचा हक्क शून्य. शेअर द्यायचे तर प्रायव्हेट लिमिटेड लागेल, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) शेअर नसतात. मात्र घाईत जुना धंदा नव्या कंपनीत ओतू नका. चालू धंद्याची फाळणी किंवा पुनर्रचना करून काढलेली कंपनी डीपीआयआयटीच्या (केंद्राच्या उद्योग विभागाच्या) स्टार्टअप व्याख्येत बसत नाही, तेव्हा हस्तांतर कसं लिहायचं ते आधी सीएकडून ठरवून घ्या.

सर्किट, फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्राम), ॲप, ब्रँडनाव सगळं कंपनीच्या नावे लेखी करा. ॲप बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलं असेल तर पैसे देऊनही, लेखी करार नसेल, तर कॉपीराइट त्याचाच राहतो. करारात मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात. दोघा संस्थापकांचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होणारे ठेवा, पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय काहीच नाही. एक जण सहा महिन्यांत नोकरीला गेला आणि अर्धी कंपनी सोबत घेऊन गेला, ही भीती गुंतवणूकदारांना असतेच.

पैसे येताना: रोख चालत नाही. वेगळ्या बँक खात्यात घ्या, ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ फॉर्म (वाटपाची माहिती कंपनी निबंधकाला). तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. इथंच बरेच जण अडकतात, कारण पैसे आले की आधी भागांची ऑर्डर जाते. एंजल टॅक्स (वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर दिले तर वरच्या रकमेवरचा कर) २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तरी कंपनी कायद्याखालचा नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतोच.

मोसंबीचं_आळं (जालना)

डोळे उघडले. रिचार्जचा आकडा आजच काढतो. मामांचं काय करू? ते ३ लाख कंपनीला कर्ज म्हणून दाखवले तर जमेल का?

सहीशिक्का (छ. संभाजीनगर)

नाही जमणार. प्रायव्हेट कंपनी संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेऊ शकते, पण कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत आईबाप, नवराबायको, मुलंबाळं, भाऊबहीण, सून-जावई आहेत; मामा नाही. मामा संचालक किंवा भागधारक नसेल तर ते पैसे ठेव ठरतात, आणि बाहेरच्याकडून ठेव घ्यायला प्रायव्हेट कंपनीला परवानगीच नाही. कन्व्हर्टिबल नोटला (आज कर्ज, पुढे शेअर होणारा कागद) एका माणसाकडून एकरकमी किमान २५ लाख लागतात, तेही बाद.

मामांचे ३ लाख प्रोप्रायटरचं वैयक्तिक देणं आहे. ते कंपनीत आणू नका, चेकने परत करा. मामांना हिस्सा हवाच असेल तर त्यांनी नव्याने चेक देऊन, मूल्यांकनाप्रमाणे शेअर घ्यावेत.

आडत_हिशेब (लातूर)

आणि टक्केवारी मामांना आकड्यात समजावा. ३ लाखांना २० टक्के म्हणजे धंद्याची किंमत १५ लाख. तुम्ही आता मागताय ती ५० लाख आल्यानंतरची ५ कोटी, म्हणजे आधीची साडेचार. तिथं ३ लाखांचे पाऊण टक्काही होत नाहीत. त्यांनी जोखीम आधी घेतली म्हणून, मूल्यांकनात बसत असेल तर, १ कोटी किंमत धरून ३ टक्के द्या, ते कुणालाही खटकणार नाही. २० टक्के काम न करणाऱ्याकडे दिसले तर बहुतेक जण तिथंच फाइल मिटतात. लेखी झाल्यावरच हिस्सेदारीची स्लाइड भरा.